तुमचा तांत्रिक लेख दुसऱ्याच वेबसाइटवर दिसला तर? कायदा काय सांगतो?

समजा, सावद्यात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी डेटाबेसचं काम करणारी एक मुलगी आहे. नोंदी लाखांवर गेल्या की क्वेरी का रेंगाळते आणि इंडेक्स लावल्यावर ती का पळते, यावर तिने मराठीत एक लेख लिहिला. उदाहरणाला टेबल घेतलं ते केळीच्या हिशेबाचं: शेतकऱ्याचं नाव, गाव, घडांचं वजन, भाव, तारीख. पंधरा दिवसांनी तिने आपलंच एक वाक्य गुगलवर टाकून पाहिलं. वर आली ती भलतीच वेबसाइट. लेख तोच, केळीचं टेबल तेच, टायपिंगची चूकसुद्धा तीच. नाव मात्र गायब, आणि दर दोन परिच्छेदांनंतर जाहिरात.

ही मुलगी काल्पनिक आहे, प्रकार मात्र रोजचा आहे. यात बहुतेक वेळा कोणी बसून कॉपी-पेस्टही करत नाही. बऱ्याच वेबसाइट नवे लेख आपोआप बाहेर पाठवणारी एक फाईल ठेवतात, तिला आरएसएस फीड म्हणतात. समोरचा एक प्लगइन बसवतो, ते फीड वाचतं आणि लेख आला रे आला की आपल्याकडे छापतं. तांत्रिक लेखांवर या लोकांचा जास्त डोळा असतो, कारण ‘अमुक एरर कशी काढायची’ हे लोक वर्षानुवर्षं शोधत राहतात आणि जाहिरातीचे पैसे येत राहतात.

लेख फुकट होता, मग चोरी कशी?

वाचायला फुकट असणं आणि छापायला मोकळं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेख लिहिला त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. ती ऐच्छिक आहे, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, आणि पुढे वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. पण नोंदणी नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही.

प्रती काढणं, लोकांपर्यंत पोचवणं आणि भाषांतर करणं हे तिन्ही हक्क लेखकाचे. भाषांतराचं मुद्दाम सांगतो. इंग्रजी लेख उचलून मराठीत आणणाऱ्यांना आपण भाषेची सेवा करतोय असं वाटतं, पण कायद्याच्या नजरेत तीही परवानगी लागणारीच गोष्ट आहे. आपल्याकडचा बराच ‘सोप्या मराठीत’ मजकूर या कसोटीवर अडचणीत येईल.

खाली ‘साभार’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. लेखक म्हणून नाव लागणं हा वेगळा हक्क आहे (कलम ५७) आणि हक्क विकल्यावरही तो लेखकाकडे राहतो. छापायची परवानगी ही त्याहून निराळी गोष्ट, आणि कायद्याला ती लेखी लागते. ईमेल घेऊन ठेवलेला बरा. लेखावर डिजिटल स्वरूपात असलेलं लेखकाचं नाव जाणूनबुजून काढून टाकणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे.

एक अपवाद नोकरदारांसाठी. लेख नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिला असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर पहिला मालक कंपनी असते.

मग नेमकं काय आपलं असतं?

खरी मेख इथे आहे. इंडेक्स लावल्याने क्वेरी वेगाने चालते, ही माहिती कोणाच्याच मालकीची नाही. इंडेक्स बनवायची एका ओळीची कमांडही नाही, कारण ती लिहायचा दुसरा मार्गच नसतो. रावेर-सावदा पट्ट्यात केळीचा आजचा भाव व्हॉट्सअॅपवर फिरतो, तो आकडाही कोणाचा नाही. आपलं असतं ते समजावणं: शब्द, क्रम, निवडलेली उदाहरणं, स्वतः लिहिलेला मोठा कोड. कल्पना आणि मांडणी यांतला हा फरक सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितला. नुसते शब्द फिरवून, क्रम आणि उदाहरणं तीच ठेवून केलेली ‘नवी’ आवृत्ती म्हणून सुटत नाही.

याचा एक जुना खटला आपल्या मुंबईचाच आहे. मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांसाठी मॅकमिलन कंपनीने प्लुटार्कने लिहिलेल्या सिकंदराच्या चरित्राची शालेय आवृत्ती काढली होती. मूळ इंग्रजी भाषांतर सोळाव्या शतकातलं, थॉमस नॉर्थचं. त्यातले उतारे निवडले, जोडले, खाली टिपा दिल्या. मग के. अँड जे. कूपर या मुंबईच्या प्रकाशकांनीही तसंच पुस्तक काढलं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९२० च्या दशकात निकाल आला. जुन्या मजकुरातले उतारे निवडून एकामागोमाग लावले, एवढ्यावर हक्क मिळणार नाही, पण टिपा मॅकमिलनच्याच. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी गाईडवरून झालेल्या भांडणात आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर येऊन गेलं.

उरलेलं अर्धं २००७ मध्ये आलं, आणि तो वाद थेट डेटाबेसचा होता. लखनौची ईस्टर्न बुक कंपनी सुप्रीम कोर्टाचे निकाल संपादित करून छापते. दुसऱ्या कंपन्यांनी निकालांच्या सीडी बाजारात आणल्या आणि त्यात आपलं संपादित रूप उचललंय, असा तिचा दावा होता. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या नावाने तो ओळखला जातो. कोर्टाने म्हटलं, मूळ निकाल सगळ्यांचे, आणि स्वल्पविराम किंवा शुद्धलेखन सुधारणं पुरेसं नाही. नुसता घाम गाळला म्हणून हक्क मिळत नाही, थोडं तरी कौशल्य आणि विचार दिसला पाहिजे. पण परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणं आणि कोणता न्यायाधीश सहमत, कोणता असहमत हे नोंदवणं, यात तो विचार आहे. ते उचलता येणार नाही.

युरोपात डेटाबेस गोळा करायला मोठा खर्च केला म्हणूनही १५ वर्षांचा वेगळा हक्क मिळतो. भारतात तसा हक्क नाही. आपल्याकडे डेटाबेस ‘साहित्यकृती’त मोडतो आणि कसोटी वरचीच.

काय उचललेलं चालतं?

ज्याच्या मालकाने आधीच परवाना दिलाय ते, परवान्याच्या अटींवर. विकिपीडियाचा मजकूर नाव देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून वापरता येतो. पोस्टग्रेस या डेटाबेसची माहितीपुस्तिका मूळ कॉपीराइट सूचना ठेवून छापता येते. मायएसक्यूएल हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्यावर मिळतं, पण त्याची पुस्तिका त्या परवान्यात येत नाही. इथे भले भले फसतात. टीका, परीक्षण किंवा खाजगी अभ्यासासाठी थोडा भाग घेणंही चालतं. लिंक शेअर करायला तर काहीच हरकत नाही.

मुदत संपलेलं साहित्यही मोकळं असतं, पण इथेही गंमत आहे. आपल्या खान्देशच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, गाण्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. निधनानंतर प्रकाशित झालेल्या कृतीची मुदत प्रकाशनापासून मोजून ६० वर्षं, म्हणजे ती २०१२ अखेर संपली. मात्र त्याच पुस्तकाची प्रस्तावना आचार्य अत्र्यांची, आणि ते १९६९ मध्ये गेले. प्रस्तावनेवरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. पुस्तकाची पीडीएफ फिरवणाऱ्यांच्या हे गावीही नसतं.

मजकूर उचलला गेला तर काय करायचं?

आधी पुरावा. चोरलेल्या पानाचा पत्त्यासह स्क्रीनशॉट घ्या आणि वेबॅक मशीनवर दोन्ही पानांची नोंद करून ठेवा. तुमची नोंद आधीच्या तारखेची असली की अर्धं काम झालं. म्हणून लेख टाकला त्याच दिवशी ती करावी. पुढे कोर्टात जायचं झालं तर नुसता स्क्रीनशॉट चालत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं.

मग त्या वेबसाइटला ईमेल. उत्तर आलं नाही, आणि सहसा येत नाही, तर होस्टिंग कंपनीला लिहा. ती कोणती हे ‘हू-इज’ शोधातून बरेचदा कळतं. कंपनी अमेरिकेतली असेल तर तिथल्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याखाली नोटीस पाठवता येते, त्यासाठी अमेरिकन वकील लागत नाही. समोरच्याने लेखी हरकत घेतली आणि तुम्ही दावा लावला नाही, तर मजकूर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत परत येऊ शकतो. भारतीय नियमांत मध्यस्थाने तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत पावलं उचलायची असतात. कोर्टाचा आदेश नसेल तर २१ दिवसांनंतर तो मजकूर पुन्हा दाखवू शकतो. गुगलकडेही शोधातून पान काढायचा वेगळा अर्ज आहे. माझ्या मते एका लेखासाठी होस्टिंगला नोटीस हाच सर्वांत स्वस्त आणि चालणारा उपाय.

पोलिसात जाता येतं का? येतं. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण धमकी देताना जपून. मजकूर मुळात तुमचा नसेल किंवा नुसती माहिती घेतली असेल, तर निराधार धमकीबद्दल समोरचाच कलम ६० खाली तुमच्यावर दावा लावू शकतो.

दिवाणी दाव्यासाठी चोराच्या गावी जावं लागत नाही. कॉपीराइटचा दावा लेखक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. सावद्याच्या त्या मुलीला दिल्ली-बंगळूर करायची गरज नाही, जळगाव पुरे. नुकसानभरपाई मागायची मुदत मात्र चोरी झाल्यापासून तीन वर्षांची आहे.