काटक फ्यूशिया : एका झुडपाचा इतिहास

साड्यांच्या दुकानात ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या राणी रंग म्हणत आलो, त्याला अलीकडे कपड्यांच्या जाहिरातींत फ्यूशिया म्हणण्याची पद्धत पडली आहे. रंगाला हे नाव एका फुलावरून मिळाले आणि फुलाला एका माणसावरून. गंमत अशी की, त्या माणसाने हे फूल आयुष्यात कधी पाहिले नव्हते. लेओनहार्ट फुक्स (१५०१–१५६६) हे ट्यूबिंगन विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक. १५४२ साली बाझल येथे छापल्या गेलेल्या त्यांच्या सचित्र वनस्पतिग्रंथामुळे ते प्रसिद्धीस आले. त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशक वनस्पतिज्ञाला कॅरिबियन समुद्रातील हिस्पान्योला बेटावर एक लाल फुलांचे झुडूप आढळले. १७०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी त्याला फुक्स यांचे नाव दिले. पुढे १७५३ साली लिनियसने ते कायम केले.

या नामकरणात कृतज्ञता आहे हे खरे. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. याच कुळातले एक झुडूप दक्षिण चिलीच्या थंड, ओलसर अरण्यांत ओढ्यांच्या काठी वाढत होते. तिथले मापुचे लोक त्याला ‘चिल्को’ म्हणत आणि औषधासाठी वापरत. अठराव्या शतकाच्या आरंभी लुई फेयी हा दुसरा फ्रेंच धर्मोपदेशक तिथे गेला, तेव्हा त्याने हे देशी नाव ‘थिल्को’ अशा रूपात टिपून घेतले होते. म्हणजे नाव युरोपला ठाऊक नव्हते असे नाही. ते शास्त्राच्या वहीत टिकले नाही, इतकेच. १७८८ साली लामार्कने त्या झुडपाला ‘फ्यूशिया मॅगेलॅनिका’ म्हटले. आडनाव जर्मन वैद्याचे आणि विशेषनाम पोर्तुगीज दर्यावर्दीच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या सामुद्रधुनीवरून! चिलीत मात्र आजही त्याला चिल्कोच म्हणतात.

काटक फ्यूशियाची बहुतेक घराणी या मॅगेलॅनिकापासून निघालेली आहेत, म्हणून तिच्या इंग्लंडमधील आगमनाची हकिकत महत्त्वाची. क्यू येथील राजोद्यानात १७८८ साली कॅप्टन फर्थ यांनी एक फ्यूशिया आणून दिल्याची नोंद आहे. बागकामाची पुस्तके मात्र दुसरीच कथा सांगतात. हॅमरस्मिथचे रोपवाटिकाकार जेम्स ली यांना वॉपिंगच्या गोदीजवळ एका खलाशाच्या घराच्या खिडकीत हे फूल दिसले. त्याच्या बायकोला आठ गिनी देऊन त्यांनी ते मिळवले. फाटे लावून तीनेकशे रोपे केली आणि प्रत्येकी एक गिनीला विकली. कथेचे पाठभेद अनेक आहेत. ती छापली गेली ती १८३१च्या सुमारास, म्हणजे ली वारल्यावर (१७९५) सुमारे छत्तीस वर्षांनी. तेव्हा पुरावा म्हणून ती फारशी उपयोगी नाही. तरीही ती टिकली याचे कारण असे की, राजोद्यानातील नोंदीत नसलेली एक व्यक्ती तिच्यात आहे : नवऱ्याची आठवण म्हणून खिडकीत कुंडी जपणारी गरीब बाई. फ्यूशियाच्या पुढच्या इतिहासात अशा बिननावाच्या जपणाऱ्यांचे स्थान मोठे आहे. कथा खरी नसली, तरी तिचा रोख चुकलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात मध्य व दक्षिण अमेरिकेतून नवनव्या जाती येत गेल्या आणि संकराची लाट उसळली. १८४०च्या सुमारास केंट परगण्यातील एका पाद्र्याच्या बागेत गलिव्हर नावाच्या माळ्याकडे ‘व्हीनस व्हिक्ट्रिक्स’ हे रोप निपजले. पांढरी निदले आणि आत जांभळ्या पाकळ्या असा रंगमेळ तोवर कोणी पाहिला नव्हता. फेलिक्स पोर्शे या फ्रेंच लेखकाने आपल्या फ्यूशियाविषयक ग्रंथाच्या १८४८च्या आवृत्तीत ५२० जाती-प्रकारांची वर्णने दिली. या वैभवाचा पाया मात्र काचगृहे, कोळशाच्या भट्ट्या आणि स्वस्त मजुरी यांवर उभा होता. पहिल्या महायुद्धात माळी आघाडीवर गेले, कोळसा दुर्मीळ झाला, काचगृहांत अन्न पिकवणे भाग पडले. शेकडो प्रकार नामशेष झाले. उरले ते बव्हंशी उघड्यावर, कुंपणाशी, परसात वाढणारे. ‘मिसेस पॉपल’ हा आजचा लोकप्रिय काटक प्रकार क्लॅरन्स एलियट या रोपवाटिकाकाराला शेजारीण असलेल्या पॉपलबाईंच्या बागेत सापडला, असे सांगतात. रोपाचे मूळ जनक कोण हे कुणाच्या लक्षात राहिले नाही. जिने ते जगवले तिचे नाव त्याला मिळाले.

इथे ‘काटक’ या शब्दाचा नेमका अर्थ पाहायला हवा. काटक फ्यूशिया थंडीला अजिबात दाद देत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. कडक हिवाळ्यात तिच्या वरच्या फांद्या पार मरून जातात. मातीखालचा बुंधा मात्र जिवंत राहतो आणि वसंतात तेथून नवे फुटवे येतात. फूल नव्या फुटीवर येत असल्यामुळे जुने लाकूड गेले तरी बहर बुडत नाही. इंग्लंड-आयर्लंडमधील बागकामाची सारी रीत या एका गोष्टीतून निघते. रोप कडाक्याची थंडी सरल्यावर, मेअखेर ते जूनच्या आरंभी लावायचे, म्हणजे हिवाळ्यापूर्वी मुळे धरतात. ते कुंडीतल्यापेक्षा थोडे खोल बसवायचे, जेणेकरून खोडाचे खालचे डोळे मातीच्या पांघरुणाखाली जातील. जमीन ओल धरणारी हवी, पण पाणी साचणारी नको, कारण थंडीइतकीच हिवाळ्यातली दलदलही मारक ठरते. शरद ऋतूत वाळक्या फांद्या कापायचा मोह आवरायचा. त्या बुंध्याचे रक्षण करतात. वर पालापाचोळ्याचा थर द्यायचा. वसंतात तळाशी कोंब दिसू लागले की मगच छाटणी.

निवड करतानाही हाच विवेक लागतो. वाफ्याच्या कडेला ‘टॉम थम्ब’ (१८५०) पुरेसा : हातभर उंची, पण फुलांनी लदलेला. मधल्या जागेसाठी ‘मार्गारेट ब्राउन’ (१९४९). तो निर्माण करणारे डब्ल्यू. पी. वुड काटक प्रकारांच्या पुरस्कर्त्यांपैकी अग्रगण्य होत. पिवळसर पानांसाठी ‘जिनिआय’ (१९५१), हिरवट झाक असलेल्या पांढऱ्या फुलांसाठी ‘हॉक्सहेड’ (१९६२), आणि कुंपणासाठी १८३०च्या सुमारास एडिंबरोजवळ रिकार्टन येथे निपजलेला ‘रिकार्टोनी’. जितके फूल मोठे आणि दुहेरी, तितकी काटकता सहसा कमी, हा ढोबळ ठोकताळा लक्षात ठेवावा.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरी आणि वेस्ट कॉर्क या भागांत, हे झुडूप बागेबाहेर पडले. सौम्य हिवाळे आणि भरपूर पाऊस यांत त्याला चिलीतले हवामान भेटले. आज तेथील रस्ते मैलोगणती लाल कुंपणांतून जातात, वेस्ट कॉर्कने आपल्या मालाची खूण म्हणून हेच फूल स्वीकारले आहे. आयरिश भाषेत त्याचे नाव ‘देवाचे अश्रू’ अशा अर्थाचे आहे. चिलीत या लोंबत्या लाल फुलांवर इवले गुंजन पक्षी येतात. आयर्लंडमध्ये ते नाहीत, तिथे मधमाश्या आल्या. शास्त्राने दिलेले नाव परक्याच्या सन्मानाचे होते. हे नाव लोकांनी रोज पाहून ठेवले आहे. परके झुडूप आणि आपले झुडूप यांतली सीमा अशाच नामकरणांतून पुसली जाते, असे मला वाटते.

मात्र या कथेचा शेवट सुखान्त म्हणावा असा नाही. ब्राझीलमध्ये प्रथम आढळलेला, डोळ्यांना न दिसणारा एक कोळीवर्गीय जीव १९८१ साली कॅलिफोर्नियात आणि २००७ साली ब्रिटनमध्ये पोहोचला. तो कोवळ्या शेंड्यांत शिरतो. पाने-फुले सुजून लालसर गाठींचे गोळे होतात. घरच्या बागेत वापरता येईल असे प्रभावी औषध त्यावर नाही; रोगट शेंडे छाटून नष्ट करणे एवढेच हाती राहते. थंडीवर मात करणारी मॅगेलॅनिका आणि तिची संतती या जीवापुढे दुबळी ठरते. उलट, मेक्सिकोकडची बारीक फुलांची ‘थायमिफोलिया’, जिच्याकडे प्रदर्शनवाल्यांनी कधी ढुंकून पाहिले नाही, ती बरीच तग धरते. काटकता हा झाडाचा कायमचा गुण नसतो. संकट कोणते यावर तो ठरतो. पुढच्या शतकाची काटक फ्यूशिया बहुधा अशाच एखाद्या दुर्लक्षित जातीतून येईल, आणि तोवर कुणीतरी ती परसात जपलेली असायला हवी.