किल्ली बदलताना: एसएसएलपासून क्विकपर्यंत

एकाच किल्लीने फार मजकूर कूटबद्ध केला की त्याच्या गुप्ततेची हमी कमी होत जाते, म्हणून लांबलेल्या जोडणीत मध्येच किल्ली बदलावी लागते. इंटरनेटवरच्या जोडण्या कूटबद्ध करणाऱ्या १९९६च्या एसएसएल ३.० या प्रोटोकॉलमध्ये आणि त्यातून १९९९ साली आलेल्या टीएलएस १.० मध्ये यासाठी वेगळी सोय नव्हती. चालू जोडणीतच सगळा हँडशेक, म्हणजे किल्ली ठरवणारी सुरुवातीची देवाणघेवाण, पुन्हा करायचा. त्यात नवी किल्लीही मिळे. याला रीनिगोशिएशन म्हणत. ब्राउझरकडे मध्येच प्रमाणपत्र मागायलाही सर्व्हर तेच वापरत.

दोन निराळी कामे एकाच यंत्रणेवर टाकणे महागात पडले. नवा हँडशेक आधीच्या जोडणीशी कशानेच बांधलेला नाही, हे २००९ मध्ये मार्श रे आणि स्टीव्ह डिस्पेन्सा यांनी दाखवले. हल्लेखोर सर्व्हरशी स्वतःची जोडणी उघडून अर्धी विनंती पाठवी, मग ग्राहकाचा हँडशेक त्याच जोडणीत सरकवी. सर्व्हरच्या लेखी दोन्ही मिळून एकच विनंती होई, तीही ग्राहकाच्या नावावर. फेब्रुवारी २०१०च्या आरएफसी ५७४६ ने हे भोक बुजवले. तरी २०१४ च्या ‘ट्रिपल हँडशेक’ हल्ल्याने तिथेच पुन्हा फट काढली.

ऑगस्ट २०१८च्या टीएलएस १.३ ने रीनिगोशिएशन काढूनच टाकले, आणि तेच योग्य होते. त्याजागी ‘की-अपडेट’ हा छोटा संदेश आला. सध्याच्या गुप्त मूल्यातून एचकेडीएफ या किल्ल्या घडवणाऱ्या फंक्शनने पुढचे मूल्य काढायचे, त्यातून नवी किल्ली घडवायची आणि जुनी पुसायची. दोन्ही दिशांच्या किल्ल्या स्वतंत्रपणे बदलतात. समोरच्यानेही किल्ली बदलावी का, हे संदेशातच सांगितलेले असते. उत्तरादाखलच्या संदेशात तशी मागणी करता येत नाही, नाहीतर दोन्ही टोके एकमेकांकडे बदल मागतच राहतील. हा बदल कधी करायचा, ते कूटपद्धतीवर ठरते: एईएस-जीसीएममध्ये एका किल्लीची मर्यादा सुमारे २.४ कोटी पूर्ण आकाराच्या रेकॉर्डची, म्हणजे साधारण ३९० जीबीची आहे.

टीएलएसची लायब्ररी ओपनएसएसएल हिच्या सप्टेंबर २०१८च्या १.१.१ आवृत्तीत की-अपडेटसाठी फंक्शन आले. ते लगेच काही पाठवत नाही. बदल नोंदवून ठेवते आणि संदेश पुढच्या लिहिण्या-वाचण्याच्या वेळी जातो.

की-अपडेटच्या साधेपणाची किंमतही आहे. नवे मूल्य जुन्यातूनच निघत असल्याने, चालू मूल्य फुटले तर पुढच्या सगळ्या किल्ल्या हाती लागतात. ताजी डिफी-हेलमन देवाणघेवाण यात होत नाही.

टीएलएस १.३ वापरणाऱ्या २०२१ च्या क्विक या प्रोटोकॉलने की-अपडेटचा संदेशही वगळला. तिथे पाकिटाच्या शीर्षकातला एक बिट उलटला की नवी किल्ली सुरू झाली असे समजायचे. पाकिटे मागेपुढे पोहोचत असल्याने घेणारी बाजू जुनी किल्ली थोडा वेळ जपून ठेवते.