वजा थोरलं, अधिक धाकटं

ऑप-ॲम्पच्या, म्हणजे ऑपरेशनल ॲम्प्लिफायरच्या, त्रिकोणी चिन्हात डावीकडे दोन इनपुट असतात. एकावर वजा, दुसऱ्यावर अधिक. नव्याने शिकणाऱ्यांना हमखास वाटतं की वजावर ऋण व्होल्टेज द्यायचं आणि अधिकवर धन. तसं मुळीच नाही. वजाच्या पिनवरचं व्होल्टेज वाढलं तर आउटपुट खाली जातं, अधिकवरचं वाढलं तर वर. चिन्हं एवढंच सांगतात. ही भावंडं एकाच वेळी जन्मली नाहीत, आणि हा थोरला-धाकटा क्रम कळला की पुष्कळ गोंधळ मिटतो, असं माझं ठाम मत आहे.

बेल लॅब्सच्या कार्ल स्वार्टझेल यांनी १९४१ साली पेटंटसाठी पाठवलेल्या ॲम्प्लिफायरला फक्त इन्व्हर्टिंग, म्हणजे वजाचं, इनपुट होतं. दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांचा नेम ठरवणाऱ्या एम-९ यंत्रात असे ॲम्प्लिफायर व्होल्टेजच्या बेरजा करत. आत एकापुढे एक तीन व्हॉल्व्ह. तीनच का? ग्रिडवरचं व्होल्टेज चढलं की प्लेटवरचं उतरतं, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सिग्नल उलटवतो. तीनदा उलटलेला सिग्नल उलटाच बाहेर पडतो. तो रेझिस्टरमधून इनपुटकडे परत नेला की मूळ बदलाला विरोध करतो. हाच निगेटिव्ह फीडबॅक, हॅरोल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचलेला. व्हॉल्व्ह दोन असते तर परतलेल्या सिग्नलने त्या बदलाला जोरच दिला असता.

अधिकचं इनपुट आलं ते लोबे ज्युली यांच्या रचनेत. 'ऑपरेशनल ॲम्प्लिफायर' हे नाव रूढ करणाऱ्या रॅगाझिनी आणि सहकाऱ्यांच्या १९४७च्या लेखात तिचा उल्लेख आहे. सुरुवातीलाच दोन ट्रायोड व्हॉल्व्ह, दोघांचा कॅथोड रेझिस्टर एकच. एकाने जास्त करंट ओढला की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतो. तापमान बदललं तर दोघंही सारखेच सरकतात, आणि फरक जवळपास तेवढाच राहतो. १९५३ साली बॉस्टनच्या फिलब्रिक कंपनीने के२-डब्ल्यू हा तयार ऑप-ॲम्प दोन्ही इनपुटांसह बाजारात आणला.

थोरला-धाकटा हा क्रम गेनच्या, म्हणजे आउटपुट इनपुटच्या किती पट याच्या, हिशोबातही दिसतो. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि फीडबॅकसाठी १०० किलोओहमचा घ्या. इन्व्हर्टिंग जोडणीत गेन उणे १० येतो, नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये मात्र ११. हा जास्तीचा १ कुठून येतो? अधिकवर १ व्होल्ट दिला, तर आउटपुट ११ व्होल्ट झालं की ११० किलोओहमच्या साखळीतून वजाच्या पिनवर बरोबर १ व्होल्ट पोचतो, म्हणजे अधिकवर दिला तेवढाच. सिग्नल अधिकवर दिला तरी फीडबॅक वजावरच येतो. थोरल्याचं काम बदललेलं नाही.

१९६८च्या ७४१ चिपमध्ये वजा पिन २ वर आहे, अधिक ३ वर. ॲम्प्लिफायर जोडलात आणि आउटपुट एका टोकाला चिकटून बसलं, तर चिप बदलण्याआधी फीडबॅकची तार खरंच २ वर गेली आहे ना, ते पाहा.