सी. टी. स्कॅन : विकास व वैद्यकीय उपयोग

शरीराभोवती फिरणाऱ्या नळीतून क्ष-किरण सोडून, ऊतकांत होणारे त्यांचे शोषण मोजून व त्यावरून संगणकाने गणित करून शरीरांतर्गत भागाचे छेदचित्र मिळविण्याची ही पद्धती आहे. साध्या क्ष-किरण चित्रात एकामागे एक असलेल्या अवयवांच्या छाया परस्परांत मिसळतात. छेदचित्रात हा दोष टळतो.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेण्यात आले. या पद्धतीच्या विकासाबद्दल हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पक्षाघाताच्या रुग्णात मेंदूत रक्तस्राव झाला आहे किंवा काय, हे या चित्रावरून त्वरित कळते. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावात घातक असल्याने उपचाराचा निर्णयही त्यावरच अवलंबून असतो. कर्करोगात ऊतकाचा नमुना घेणाऱ्या सुईस दिशा देण्यासाठी व किरणोपचाराच्या आखणीसाठी या पद्धतीचा उपयोग होतो.

कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्रात फुप्फुसांच्या तपासणीची मागणी वाढली, तेव्हा राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० व ३,००० रुपये असे कमाल दर ठरवून दिले. दरांवर मर्यादा आली, तरी किरणांच्या मात्रेचा प्रश्न उरतोच. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रापेक्षा नेहमीच्या सी. टी. तपासणीत ती अनेक पटींनी अधिक असते; म्हणून निष्कर्षामुळे उपचाराची दिशा ठरणार असेल, तेव्हाच ही तपासणी करणे इष्ट ठरते.