छोट्या गाडीचे ‘ॲव्हरेज’ कोठे हरवते?

नव्या गाडीचे पेढे वाटून महिना-दीड महिना होतो आणि घरात पहिली कुरबुर सुरू होते. माहितीपुस्तिकेत लिटरला २२ किलोमीटरचा आकडा छापलेला असतो. गाडी मात्र १४-१५ च्या पुढे सरकत नाही. हप्ता, विमा आणि पेट्रोल यांचा हिशेब कागदावर जुळवून मगच छोटी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला हा फरक किरकोळ वाटत नाही, आणि तो किरकोळ नसतोही. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीने लिटरला २२ ऐवजी १५ किलोमीटर दिले, तर महिन्याकाठी सुमारे २१ लिटर पेट्रोल जादा लागते. लिटरला शंभर रुपये धरले तरी हा भुर्दंड दोन हजार रुपयांच्या पुढे जातो.

मग संशयाची सुई कधी वर्कशॉपकडे, कधी पेट्रोल पंपाकडे, तर कधी थेट कंपनीकडे वळते. यातील एखादा संशय खराही ठरू शकतो. मात्र पुष्कळदा गाडी ठणठणीत असते आणि छापील आकडा तसेच रोजचा वापर यांतील अंतर लक्षात न आल्याने मालकाची निराशा होते. हे अंतर कसे पडते आणि त्यातील किती भाग कमी करणे आपल्या हाती आहे, याचा हा लेखाजोखा.

आकडा येतो प्रयोगशाळेतून

भारतात गाड्यांच्या इंधन कार्यक्षमतेचा आकडा अधिकृत चाचणी संस्थेकडून प्रमाणित केला जातो. पुण्यातील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ अर्थात ‘एआरएआय’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांत सर्वाधिक परिचित आहे. त्यामुळे चाचणी अन्य संस्थेत झाली असली, तरी बोलताना सरसकट ‘एआरएआयचा आकडा’ असेच म्हटले जाते.

प्रवासी गाड्यांच्या ज्या चाचणीवरून हे आकडे आजवर छापले गेले, ती रस्त्यावर होत नाही. गाडीची चाके रोलरवर ठेवून ती जागच्या जागी धावते. कोणत्या सेकंदाला किती वेग असावा, याचे वेळापत्रक आधीच ठरलेले असते. हे वेळापत्रक १,१८० सेकंदांचे, म्हणजे वीस मिनिटांपेक्षा थोडे कमी असते आणि तेवढ्या वेळात गाडी सुमारे साडेदहा किलोमीटर ‘धावते’. शहरी टप्प्यात वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जात नाही, तर महामार्गाच्या टप्प्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. शून्यापासून ताशी ५० पर्यंत पोहोचण्यासाठी तब्बल २६ सेकंद मिळतात. मागून हॉर्न वाजवणारे कोणी नसते. एसी बंद असतो, चढ-उतार नसतात, खड्डे नसतात आणि गाडीत पूर्ण प्रवासीभार धरलेला नसतो. नळीवाटे बाहेर पडणाऱ्या वायूंतील कार्बनचे प्रमाण मोजून किती इंधन जळले, याचा हिशेब केला जातो.

सर्व गाड्यांना एकच वेळापत्रक असल्याने दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी हा आकडा उपयोगी पडतो. २२ ची गाडी १८ च्या गाडीपेक्षा साधारणतः कमी इंधन पिणार, एवढे त्यावरून समजते. कोथरूडहून हिंजवडीला किंवा ठाण्याहून अंधेरीला रोज जाणाऱ्याला २२ च मिळतील, असे आश्वासन त्यात नसते.

छोट्या गाडीला भार अधिक जाणवतो

हा फरक छोट्या गाडीत अधिक ठळक दिसण्याचे कारण तिच्या काटकसरीतच आहे. सपाट रस्त्यावर ताशी ५० च्या स्थिर वेगाने जाताना छोट्या गाडीला चाकांपाशी अवघी चार-पाच अश्वशक्ती पुरते. एसीचा कॉम्प्रेसर भर उन्हात दोन-तीन अश्वशक्ती ओढून घेतो. मूळ गरजच कमी असल्याने ही भर मोठी ठरते. मोठ्या आणि जड गाडीची मूळ गरज जास्त असल्याने तिथे हाच भार टक्केवारीत लहान दिसतो.

वजनाचेही तसेच. ८५० किलो वजनाच्या गाडीत पाच माणसे आणि थोडे सामान बसले, की पावणेचारशे किलोंची भर पडते, म्हणजे मूळ वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. १,८०० किलो वजनाच्या गाडीत हीच भर जेमतेम एकवीस टक्के होते. साहजिकच, एकटा चालक कार्यालयात जातो तेव्हाचे आणि कुटुंब गावी जाते तेव्हाचे ॲव्हरेज छोट्या गाडीत एकसारखे येऊ शकत नाही.

सिग्नल ते सिग्नल

शहरात सर्वाधिक इंधन खाल्ले जाते ते थांबण्या-निघण्यात. एक हजार किलो वजनाची भरलेली गाडी ताशी ३० किलोमीटर वेगात आणण्यासाठी सुमारे ३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. ब्रेक दाबला, की ती सगळी उष्णता होऊन उडून जाते. शहरी रहदारीत इंजिन पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते, असे धरले तर प्रत्येक वेळी थांबून पुन्हा तेवढा वेग घेण्याची किंमत साडेपाच मिलिलिटर पेट्रोल एवढी होते.

आकडा लहान वाटतो. पण लिटरला २० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ५० मिलिलिटर. एका किलोमीटरमध्ये तीनदा थांबावे लागले, तर त्यात १६ मिलिलिटरची भर पडते आणि ॲव्हरेज २० वरून १५ वर येते. गाडीत कोणताही बिघाड नसताना लिटरमागे पाच किलोमीटर असे चौकाचौकांत संपतात. वेग ताशी ५० पर्यंत नेऊन थांबल्यास हाच खर्च जवळपास तिप्पट होतो. दोन सिग्नलच्या मध्ये सुसाट जाऊन पुढच्या लाल दिव्यापाशी करकचून ब्रेक लावणारा चालक वेळ फारसा वाचवत नाही, पेट्रोल मात्र हमखास जाळतो.

उभ्या गाडीचे चालू इंजिनही तहानलेले असते. एसी सुरू ठेवून दहा मिनिटे कोंडीत अडकलेली छोटी गाडी शंभर मिलिलिटरहून अधिक पेट्रोल संपवू शकते. तेवढ्यात ती मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटर गेली असती. त्यामुळे अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद करणे फायद्याचे ठरते.

याशिवाय घरापासून दोन-तीन किलोमीटरवरील शाळा, मंडई, स्टेशन अशा छोट्या फेऱ्या ॲव्हरेजला मारक ठरतात. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावे लागते आणि ते पुरते तापण्याआधीच फेरी संपते. दिवसभरात चार वेगवेगळ्या फेऱ्या मारण्याऐवजी एकाच फेरीत कामे उरकली, तर फरक दिसतो.

द्रुतगती मार्ग आणि घाट

‘शहरात ठीक आहे, पण हायवेलाही गाडी देत नाही,’ ही दुसरी तक्रार. येथे आडवा येतो तो वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो ५६ टक्क्यांनी वाढतो. आखूड आणि उंच बांध्याच्या छोट्या गाडीला, त्यातही टपावर कॅरियर असेल तर, हा विरोध अधिकच जाणवतो.

मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खोपोली ते लोणावळा या टप्प्यात गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढते. माणसांसह अकराशे किलो भरणारी गाडी एवढी वर नेण्यासाठीच अंदाजे पाऊण लिटर पेट्रोल लागते. म्हणून मुंबईहून पुण्याला जाताना मोजलेले ॲव्हरेज कमी आणि परतीचे जास्त येते. खरा आकडा हवा असेल, तर जाण्या-येण्याचा हिशेब एकत्र करावा लागतो. घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे मात्र धोक्याचे आहे. इंधन इंजेक्शन असलेल्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की पेट्रोलचा पुरवठा आपोआप थांबतो आणि इंजिनाचा ब्रेकही मिळतो.

टाकीतले पेट्रोलही बदलले

जुन्या गाडीचे ॲव्हरेज अलीकडे घटल्याचे सांगणाऱ्यांनी इंधनाकडेही पाहायला हवे. २० टक्के इथेनॉल असलेल्या ‘ई-२०’ पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणजेच या मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे ऊर्जा सहा ते सात टक्क्यांनी कमी मिळते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने त्यानुसार जुळवणी केलेल्या इंजिनात यातील काही तूट भरून निघते.

केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, ‘ई-१०’ साठी बनवून ‘ई-२०’ साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट एक ते दोन टक्के, तर अन्य गाड्यांत तीन ते सहा टक्के असते. लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या जुन्या गाडीत सहा टक्के म्हणजे एक किलोमीटर. चार-पाच किलोमीटरच्या घसरणीचे सगळे खापर मात्र इथेनॉलवर फोडता येणार नाही.

मोजमाप तरी बरोबर आहे का?

अनेकदा तक्रारीचा पायाच कच्चा असतो. इंधनाचा काटा किंवा रिझर्व्हचा दिवा पाहून काढलेले ॲव्हरेज भरवशाचे नसते, तर डॅशबोर्डवरील आकडा कधी कधी वास्तवापेक्षा उदार असतो. ‘टाकी फुल ते टाकी फुल’ ही पद्धत सर्वांत सोपी. पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावा. तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. ४१२ किलोमीटरनंतर २७.५ लिटर पेट्रोल बसले, तर ॲव्हरेज १५ च्या घरात आहे. असे तीन वेळा मोजून सरासरी काढल्याशिवाय निष्कर्षाला येऊ नये. नव्या गाडीने पहिले काही हजार किलोमीटर पूर्ण केल्यावर हा आकडा थोडा सुधारू शकतो. कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले असतील, तर ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवतो आणि ॲव्हरेज कागदोपत्री आणखी घटते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

दोष गाडीत असेल तर

वापर तोच असताना ॲव्हरेज एकाएकी घसरले, तर गाडीची तपासणी अवश्य करावी. पुढील खुणा उपयोगी पडतात :

- टायरमधील हवा : योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. हवा भरणारा ‘किती टाकू?’ असे विचारतो, तेव्हा तो आकडा आपल्याला ठाऊक हवा. टायर थंड असताना महिन्यातून एकदा तरी हवा तपासावी.
- ब्रेक धरून राहणे : सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी सहज ढकलली जात नसेल किंवा प्रवासानंतर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल, तर ब्रेक पूर्ण सुटत नसावा.
- क्लच घसरणे : इंजिनाचा आवाज चढतो, पण त्या प्रमाणात वेग वाढत नाही. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवण्याच्या सवयीने ही वेळ लवकर येते.
- थर्मोस्टॅट उघडा अडकणे : बऱ्याच वेळानंतरही इंजिन पुरेसे तापत नाही आणि जादा पेट्रोल जळत राहते.
- इंजिनाचा इशारा देणारा दिवा : ऑक्सिजन सेन्सर किंवा स्पार्क प्लगमधील बिघाड असू शकतो. गाडी चालते म्हणून या दिव्याकडे दुर्लक्ष करू नये.

एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढते, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरचा परिणाम मुख्यतः ताकदीवर होतो. फिल्टर वेळेवर बदलावाच. पण त्यातून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

ग्राहकाची बाजू

याचा अर्थ प्रत्येक तक्रारीत ग्राहकच चुकतो, असा नाही. २००४ मध्ये घेतलेल्या एका छोट्या गाडीच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. जाहिरातीत लिटरला १६ ते १८ किलोमीटरचा दावा होता, प्रत्यक्षात सरासरी १०.२ मिळत होती. जाहिरात दिशाभूल करणारी असल्याचे ग्राह्य धरून एक लाख रुपयांची भरपाई कायम ठेवण्यात आली. न्याय मिळाला, पण गाडी घेतल्यापासून तब्बल वीस वर्षांनी.

म्हणूनच गाडी घेण्याआधीच सावध राहिलेले बरे. छापील आकड्यातून चौथा हिस्सा वजा करून घरचा हिशेब मांडावा. रोजचा रस्ता कोंडीचा असेल तर एकतृतीयांश. त्याच मॉडेलची गाडी आपल्याच शहरात वापरणाऱ्या दोघा-तिघांना त्यांचे ॲव्हरेज विचारावे. गाडी आल्यावर प्रत्येक वेळी भरलेले लिटर आणि झालेले किलोमीटर यांची नोंद एका छोट्या वहीत ठेवावी. वर्कशॉपमध्ये ‘गाडी देत नाही’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाची बोळवण करणे सोपे असते. सहा महिन्यांची नोंद पुढे ठेवणाऱ्याची तक्रार मात्र तपासावीच लागते.