आग शेजाऱ्याची, हप्ता आपला

विम्याचा हप्ता भरणाऱ्या माणसाची एक तक्रार फार जुनी आहे. "माझ्या घराला कधी आग लागली नाही. माझ्या गाडीनं कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. कंपनीकडून मी एक छदाम घेतलेला नाही. मग यंदा हप्ता वाढला तो कोणत्या अपराधाबद्दल?" तक्रार वाजवी आहे. तिचे उत्तर मात्र आपल्या घरात शोधून सापडायचे नाही. त्यासाठी थोडे मागे आणि थोडे लांब, लंडन शहरात जावे लागेल.

१६६६ साली लंडन जळाले. १३,००० हून अधिक घरे गेली. पुढे १६८० च्या सुमारास निकोलस बारबन नावाच्या गृहस्थाने घरांचा आगीचा विमा उतरवण्याचा धंदा काढला. घर विटांचे असेल तर वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी असेल तर पाच टक्के, असा त्याचा दर. आता यात गंमत पाहा. घराचा मालक सावध आहे की झोपाळू, हे त्याने विचारले नाही; भिंत कशाची, एवढेच विचारले. कारण त्याला एका घराचा हिशेब करायचाच नव्हता. समजा शंभर घरांतले एखादे जळणार. कोणते ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा शंभरांनी मिळून त्या एकाचे घर उभे करायचे. हप्ता म्हणजे या सामाईक रांजणात ओतलेली घागर. आपल्या वर्तणुकीचा तो दाखला नव्हे.

रांजण एकदम रिकामा झाला तर काय होते, ते लंडनने १८६१ साली पाहिले. २२ जून, शनिवार. थेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीटवरील वखारींना दुपारी आग लागली. आत कापूस, ताग, साखर आणि चरबी भरलेली. आग पसरू नये म्हणून वखारींना लोखंडी दारे होती, पण ती उघडीच राहिली होती, असे सांगतात. वितळलेली चरबी पेटत पेटत नदीवर वाहू लागली. आग पुरती विझायला दोन आठवडे लागले. बंबवाल्यांचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड आपल्या माणसांना धीर देत हिंडत असता भिंत अंगावर कोसळून ठार झाला. हे बंब सरकारचे नव्हते बरं का! विमा कंपन्यांनीच १८३३ साली एकत्र येऊन ते पथक उभारले होते.

नुकसान वीस लाख पौंडांच्या घरात गेले. कंपन्यांनी लगोलग दर चढवले, आणि ते ज्यांची वखार जळली त्यांचेच नव्हे, तर शहरातल्या साऱ्याच व्यापाऱ्यांचे. व्यापारी खवळले. त्यांचा प्रश्न तुमच्या-आमच्यासारखाच होता: दुसऱ्याच्या वखारीचे दार उघडे राहिले, त्याचा भुर्दंड आम्हाला का? ते नुसते कुरकुरत बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी 'कमर्शियल युनियन' नावाची आपली स्वतःची विमा कंपनी काढली.

माझ्या मते दोन्ही पक्षांचे थोडे थोडे खरे होते. रिकामा रांजण पुन्हा भरायला हवा हे खरे. पण घाबरलेला विमेवाला गरजेपेक्षा जास्त मागतो, हेही खरे; आणि गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नसले की त्याचे फावते.

त्या आगीतून एक चांगली गोष्ट निघाली. कंपन्या म्हणाल्या, शहर वाचवणे आता आमच्याच्याने होणार नाही. १८६५ साली पार्लमेंटने कायदा केला आणि १ जानेवारी १८६६ पासून लंडनचे बंब सार्वजनिक झाले. कंपन्या मात्र सुटल्या नाहीत. उतरवलेल्या दर दहा लाख पौंडांच्या विम्यामागे त्यांनी ३५ पौंड द्यायचे ठरले. ते अखेर कुणाच्या खिशातून आले असतील, हे सांगायला नको.

त्याच १८६१ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधले ग्लारुस हे गाव जळाले. तिथल्या विमेवाल्यांना कळून चुकले की आपल्या रांजणालाही एक मोठा रांजण हवा. १८६३ साली झुरिकला 'स्विस री' निघाली: विमा कंपन्यांचा विमा उतरवणारी कंपनी, म्हणजे या धंद्यातला घाऊक व्यापारी. तेव्हापासून दूरच्या संकटाची झळ आपल्यापर्यंत पोचायला आणखी एक वाट झाली. घाऊक माल महागला की किरकोळ दुकानात भाव चढतोच.

ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या दक्षिण भागात 'अँड्र्यू' वादळ आले. विमा उतरवलेले नुकसानच सुमारे १५ अब्ज डॉलरचे झाले. अकरा कंपन्या बुडाल्या. जगल्या त्यांनी हप्ते वाढवले, काहींनी तर काढता पाय घेतला. ज्यांच्या छपराचा खिळाही हलला नव्हता, त्यांनाही जास्त मोजावे लागले. शेवटी राज्य सरकारला स्वतःचा निधी उभारावा लागला.

मोटारीचे थोडे निराळे आहे. तिथे वादळ लागत नाही. सुटे भाग आणि कारागिराची मजुरी महागली तरी पुरे. अपघात तेवढेच राहिले, पण एकेक दुरुस्ती महागली, तर रांजण लवकर आटतो. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात मोटार विमा सुमारे २० टक्क्यांनी महागला, त्यामागे हे मोठे कारण होते.

आपल्याकडे मोटारसायकल वा मोटारीच्या विम्याचा कागद पाहा. त्यात दोन रकमा निरनिराळ्या असतात. एक आपल्या गाडीच्या नुकसानीची. भरपाई न मागता वर्ष गेले तर पुढच्या वर्षी तीवर २० टक्के सूट मिळते, आणि सलग पाच वर्षे तशी गेली तर ती ५० टक्क्यांपर्यंत चढते. मुदत संपून ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर मात्र ही सूट जाते. दुसरी रक्कम आपल्या गाडीने परक्याला इजा झाली तर त्याला द्यायच्या भरपाईची. हा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा मूळ दर सरकार ठरवते. तुम्ही कितीही सांभाळून गाडी चालवा, या दुसऱ्या रकमेत ती सूट मिळत नाही. तेव्हा हप्ता वाढला असे दिसले, तर दोन्हींपैकी कोणती रक्कम वाढली ते आधी बोट ठेवून पाहावे, आणि सूट धरलेली नसेल तर एजंटाला तिथेच विचारावे.