औषधापुरती

बाटलीवर छापलेलं असतं की मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे. आणि तीच बाटली विकत घ्यायला, बाळगायला, प्यायला महाराष्ट्रात जो परवाना लागतो, त्यात कारण काय असतं? प्रकृती सांभाळण्यासाठी! थट्टा नाही. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली 1953 साली विदेशी मद्याचे नियम झाले, त्यांतलीच ही तरतूद. तेव्हा बंदी कडक होती, प्यायचं तर काहीतरी औषधी निमित्त लागायचं. पुढे बंदी सैल झाली, निमित्त कागदावर तसंच राहिलं.

आमच्या भागात दारूबंदीची गोष्ट कायद्याच्याही आधीची. नाना पाटलांच्या प्रति सरकारने गावोगावी दारूविरुद्ध मोहीम चालवली. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख साताऱ्यातच होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली. या चळवळीचं मोठं ठाणं कुंडल. ते आज पलूस तालुक्यात येतं.

आणि 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर सरकारने वाईन पार्क कुठे काढावं? एक नाशिककडे विंचूरला, दुसरं पलूसला! विंचूरच्या मानाने आमच्याकडे ते फारसं रुजलं नाही, ही गोष्ट निराळी.

वाईनबरोबर एक वाक्य मात्र चांगलं रुजलं, 'हृदयाला चांगली असते.' हे आलं फ्रान्समार्गे. फ्रेंच लोक एवढं लोणी-चीज खाऊनही हृदयविकारातून कसे वाचतात, तर रेड वाईनमुळे, अशी चर्चा 1991-92 मध्ये जगभर झाली. त्याच्या आधीच, 1988 मध्ये, कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मद्य कर्करोगकारक ठरवलं होतं. ती बातमी कुणी लग्नाच्या मांडवात सांगितल्याचं मला आठवत नाही. उलट 'आपलं द्राक्षासव नाही का?' हे हमखास ऐकू येतं. अहो, द्राक्षासव चमच्याने मोजून घेतात, पेल्याने नाही.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी बाटलीवर आरोग्याचे दावे करायला मनाई केली आणि धोक्याचा इशारा सक्तीचा केला. 1 एप्रिल 2019 पासून ते लागू झाले. बाटलीचं तोंड बंद झालं, माणसांचं कसं होणार? जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे सत्ताधारीच सांगू लागले. साताऱ्यात बंडातात्या कराडकर आणि व्यसनमुक्त युवक संघ रस्त्यावर उतरले. जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं, सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही.

द्राक्षाला भाव मिळावा म्हणून वाईन हवी, हा मुद्दा मी समजू शकतो. त्यावर वाद घालता येतो. मग तेवढंच म्हणा ना, मध्ये हृदय कशाला? तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे निघतात, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. तोही द्राक्षाचाच, आणि त्याच्या पुडीवर इशारा छापावा लागत नाही.